कुंभार्लीच्या वाटेनें

मोटार घेणें ही आमच्या घरीं कधींच एका माणसाची गोष्ट नव्हती. १९७४ सालीं वडिलांनीं—आम्ही त्यांना अण्णा म्हणत असूं—स्कूटरसाठीं नांव नोंदविलें, आणि ती स्कूटर दाराशीं उभी राहीपर्यंत माझी मुंज होऊन मी आठवीच्या वर्गांत गेलों होतों. मधल्या सहा वर्षांत तिचा रंग कोणता असावा याचा खल आजीपासून धाकट्या काकांपर्यंत सर्वांनीं केला. आली ती मात्र दुकानांत त्या दिवशीं जो रंग शिल्लक होता त्या रंगाची.

पुढें २००७ सालीं अण्णांनीं घरांतली पहिली मोटार घेतली, ती मारुतीची वॅगन-आर. अण्णा सरकारी नोकरींतून निवृत्त झालेले, हिशेबी, आणि यंत्रांविषयीं पूर्ण उदासीन. मोटार निवडण्याची त्यांची रीत त्यांना शोभेल अशीच होती. ते आईला घेऊन तीन-चार दुकानांत गेले. विक्रेता इंजिनाचें, मायलेजचें, रंगांचें वर्णन करीत असे. अण्णांचें तिकडे लक्ष नसे. ते दार उघडून आईला आंत बसवीत, क्षणभर थांबून 'आतां ऊठ' म्हणत, आणि ती कशी उठते तें बारकाईनें पाहत. आईचे गुडघे त्या वेळींच कुरकुरूं लागले होते. आमच्या स्वयंपाकघरांतले पाट माळ्यावर जाऊन तेथें टेबल-खुर्च्या आल्या होत्या, त्याहि या गुडघ्यांकरितांच. वॅगन-आरची बैठक बरोबर खुर्चीएवढी उंच. पाठमोरें होऊन टेकावें, पाय आंत घ्यावे, झालें. 'हीच,' असें म्हणून अण्णांनीं चेकबुक काढलें. इंजिन किती घनसेंटिमीटरचें आहे हें त्यांना शेवटपर्यंत ठाऊक नव्हतें. तें १०६१ होतें.

त्या मोटारीनें आमची अकरा वर्षें सेवा केली. बारशीं, लग्नें, मुलांच्या परीक्षा, मंडईंतले आंबे, आणि २०१४ सालच्या पावसाळ्यांत अण्णांच्या रुग्णालयाच्या खेपा. शेवटच्या खेपेला ते स्वतःच्या पायांनीं तींत बसले होते.

मी मात्र पहिल्यापासून यंत्रवेडा. गणित शिकवून पोट भरतों, पण रस्त्यानें जातांना एखाद्या मोटारीचा आवाज वेगळा आला तर मान वळल्यावांचून राहत नाहीं. माझा धाकटा भाऊहि त्याच पंथाचा. आम्हां दोघांच्या मनांत २०११ पासून एक गाडी घर करून बसली होती : स्कोडाची लॉरा, आणि त्यांतलीहि 'आर. एस.' नांवाची चपळ जात. तेव्हांच्या औरंगाबादजवळ शेंद्रा येथील कारखान्यांत ती जुळविली जात असे. दिसावयास चारचौघींसारखी कुटुंबवत्सल सेडान. मागचें झांकण तेवढें कांचेसकट वर उघडणारें, त्यामुळें संसाराचें सामान पोटांत सहज मावणारें. पण इंजिन निराळें. एरवीं मोटारींतून बाहेर पडणारा तप्त धूर वायांच जातो. या गाडींत तो एका लहानशा चक्रावर सोडलेला असतो. तें चक्र मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें, आणि त्याच दांड्यावर बसविलेलें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत कोंबतें. हवा अधिक म्हणून इंधन अधिक, इंधन अधिक म्हणून जोर अधिक. अशा रीतीनें १७९८ घनसेंटिमीटरच्या इंजिनांतून १६० अश्वशक्ति निघते. आमच्या वॅगन-आरची साठ-पासष्टांच्या घरांत होती. नवी घेणें आमच्या आवाक्यांत कधींच नव्हतें. परंतु मोटारीची किंमत ही भूमितिश्रेढीनें उतरत जाते, हें गणिताच्या माणसाला सांगावें लागत नाहीं. आम्ही वाट पाहिली.

२०१८ सालीं ती सांपडली. राखी रंगाची, सहा वर्षांची, एका गृहस्थांनीं परदेशीं जावयाचें म्हणून विक्रीस काढलेली. सौदा पितृपंधरवड्यांत केला, कारण त्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाहीं आणि दलालाची मान जरा लवते. गाडी घरीं आणली ती दसऱ्याला. सकाळीं लवकर, पूर्वसूचना न देतां जाऊन बॉनेटवर हात ठेवला, इंजिन थंड आहे ना तें पाहिलें. कारण आधींच तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष सांगत नाहीं. सुरू केल्याबरोबर निळसर धूर निघतो कां, तेलाचा डाग जमिनीवर पडतो कां, तें भावानें ओणवें होऊन पाहिलें. 'टायर वर्षापूर्वींच घातले आहेत,' असें दलाल म्हणाला. टायरच्या बाजूवर लंबवर्तुळांत चार आंकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढले दोन सालाचे. आमच्यावर २३१३ असे होते, म्हणजे २०१३ चा तेविसावा आठवडा. या एका वाचनाचे वीस हजार रुपये उतरले. पुढें नमुना २९ आणि ३० वरच्या सह्या, विमा नांवावर करून घेणें, इत्यादि यथासांग झालें. विम्यांतली दावा न केल्याबद्दलची सवलत ही गाडीची नसून माणसाची असते, ती जुन्या गाडीवरून नव्या गाडीवर आपल्याबरोबर येते, हें पुष्कळांस ठाऊक नसतें म्हणून येथें सांगून ठेवतों.

वॅगन-आर बदल्यांत गेली. तिला पाहावयास आलेल्या माणसानें बॉनेट उघडलें, दारांच्या कडांवर बोट फिरवून रंग पुन्हां दिलेला आहे कां तें चांचपलें, आणि ऐंशी हजार म्हणाला. ज्या बैठकीसाठीं ती घेतलेली होती तिच्याकडे त्यानें ढुंकूनहि पाहिलें नाहीं. आणि खरें सांगावयाचें तर आम्हींहि पाहिलें नाहीं.

आईनें नवी गाडी सज्जांतून पाहिली. 'रंग छान आहे रे,' म्हणाली. 'तुम्हां दोघांना पसंत आहे ना? मग झालें.' खालीं येऊन तिनें चाकांवर पाणी घातलें, बॉनेटवर कुंकवाचें स्वस्तिक काढलें, नारळ भावानें फोडला. त्यानंतर तीन महिने आई त्या गाडींत एकदांहि बसली नाहीं. बँकेंत जावयाचें झालें, डॉक्टरांकडे जावयाचें झालें कीं ती म्हणे, 'रिक्षाच बरी. दारांत येते, तुमचा खोळंबा नको.' मला तें तिचें समंजसपण वाटलें.

२०१९ च्या जानेवारींत गुहागरास जावयाचें ठरलें. व्याडेश्वर आमचें कुलदैवत. अण्णा गेल्यापासून तिकडे जाणें झालें नव्हतें, आणि आईला ऐंशी पूर्ण झालीं होतीं. शिवाय—हें आम्हां भावांनीं एकमेकांसहि उघड सांगितलें नाहीं—पुण्याहून गुहागरास जावयाचें तर कुंभार्लीचा घाट लागतो, आणि या गाडीला अजून घाट दाखविलेला नव्हता.

पहाटें साडेपांचाला निघालों. मी चालवावयास, भाऊ माझ्या शेजारीं, मागें आई, आमची सौ. आणि भावजय. पुढची जागा मोठ्या माणसाला द्यावी हा साधा शिष्टाचार त्या पहाटें आम्हांला सुचला नाहीं. भावाला घड्याळें पाहावयाचीं होतीं. आईला बसावयास वेळ लागला. मी आरसा नीट करीत होतों.

कात्रजचा बोगदा मागें पडला, खेड-शिवापूर गेलें, आणि शिरवळच्या पुढें उजाडूं लागलें. सातारच्या बाजूनें पुण्याकडे येणारीं वाहनें खंबाटकीच्या बोगद्यांतून येत. पुण्याहून जाणारांना डोंगर चढावा लागे. त्या चढावर वॅगन-आर दुसऱ्या गिअरवर येऊन धापा टाकीत असे, अण्णा वारा बंद करावयास सांगत, आणि आम्ही सर्वजण तिला बळ देण्याकरितां पुढें झुकून बसत असूं. या खेपेला चवथ्या गिअरवरच, पाय किंचित् दाबल्याबरोबर, कोणी पाठीला हात लावून वर ढकलावें तशी गाडी चढून गेली. भाऊ नुसता माझ्याकडे पाहून हंसला. वांईचा फांटा, मग डावीकडे लांबवर जरंडेश्वर, उजवीकडे अजिंक्यताऱ्याची सपाट पाठ. सातारच्या अलीकडे एका उपाहारगृहापाशीं थांबलों. आई म्हणाली, 'तुम्ही जाऊन या. मला कांहीं नको.' तिच्यासाठीं चहा गाडींतच आणला. तिनें दोन घोंट घेऊन पेला परत केला.

उंब्रजला महामार्ग सोडून पश्चिमेकडे वळलें कीं देश बदलतो. ऊस हळूहळू मागें राहतो, डोंगर दोन्ही अंगांनीं जवळ येतात, आणि मल्हारपेठेच्या पुढें कोयना सोबतीला येते. या नदीची चाल मला नेहमींच नवलाची वाटत आली आहे. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून ती सह्याद्रीच्या पाठीशीं समांतर अशी सरळ दक्षिणेला येते. हेळवाकपाशीं एकाएकीं काटकोनांत पूर्वेला वळते, आणि कऱ्हाडला कृष्णेला समोरासमोर मिळते. समुद्र हेळवाकपासून पक्ष्याच्या उड्डाणाच्या अंतरावर. पण तिला जावयाचें बंगालच्या उपसागराला. माणसानें मात्र तिचें हें म्हणणें अर्धेंच ऐकलें. धरणांतलें पाणी डोंगराच्या पोटांतून पश्चिमेला नेऊन तें पोफळीच्या वीजगृहांत शेंकडों मीटर खालीं टाकलें, आणि तें वीज देऊन वाशिष्ठींतून अरबी समुद्राला जातें. पूर्वेची नदी पश्चिमवाहिनी झाली ती अशी.

पाटणच्या आसपास आम्हांला गाडीचा दुसरा स्वभाव कळला. दर गांवापाशीं दोन-दोन गतिरोधक, आणि तेहि कोणी आपल्या मर्जीनें बांधलेले. पांच माणसें व सामान घेतलेली ही गाडी मुळांतच ठेंगणी. पहिल्याच उंचवट्यावर पोट घांसल्याचा असा आवाज झाला कीं माझ्याच पोटांत खड्डा पडला. मग दर गतिरोधकाशीं गाडी तिरपी करून एकेक चाक चढवावें, एकेक उतरवावें. मागून येणारी एस. टी. भोंगा वाजवी. जी गाडी खंबाटकीला कोणासच जुमानीत नव्हती ती येथें पावलापावलाला पदर सांवरीत चालली होती.

कोयनानगरास पोहोंचलों तेव्हां दहा वाजून गेले होते. धरण १०३ मीटर उंच. आम्ही चौघें उतरून लांबून तें पाहत उभे राहिलों. आई गाडींतच बसून होती. कांच खालीं करून म्हणाली, 'याच्या भूकंपाच्या रात्रीं तूं सहा महिन्यांचा होतास.' ही गोष्ट मीं पूर्वीं ऐकली होती, पण कोयनेच्या कांठीं कधीं ऐकली नव्हती. ११ डिसेंबर १९६७ ची पहाट, साडेचारच्या आंतबाहेर. पुण्यांतल्या आमच्या वाड्यांत दुसऱ्या मजल्यावर भांडीं वाजूं लागलीं, फळीवरचे डबे खालीं आले. अण्णा परगांवीं होते. आईनें मला दुपट्यासकट उचललें आणि अंधारांत त्या वळणाच्या लाकडी जिन्यानें चौकांत आली. 'मागाहून सर्वांनीं विचारलें, दिवा नव्हता, जिना कसा उतरलीस? मला काय ठाऊक! उतरलें खरी.' येथें कोयनानगरांत मात्र त्या पहाटें घरेंच्या घरें बसलीं आणि सुमारें पावणेदोनशें माणसें गेलीं. आई थोडा वेळ धरणाकडे पाहत राहिली. भावजयीनें पाण्याची बाटली पुढें केली तेव्हां तिनें मानेनेंच नको म्हटलें.

आणि मग घाट. येथें मला दोन वाक्यें उत्साहाचीं लिहूं द्यावीं. कुंभार्लीचा घाट हा खंबाटकीसारखा रुंद राजमार्ग नव्हे. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, आणि मध्यें अडखळत उतरणारा रस्ता. माथ्यावरून पश्चिमेकडे पाहिलें तर वाशिष्ठीचें खोरें निळ्या धुक्याच्या थरांखालीं पसरलेलें असतें, आणि वारा एकदम दमट होतो. देशावरचा माणूस कोंकणांत आला हें त्याच्या कातडीला आधीं कळतें. त्या वळणांवर ती गाडी काय सांगावी! चाक फिरवावें तेवढीच फिरे, कमी नाहीं, अधिक नाहीं. एका अंगाला कलणें नाहीं, डोलणें नाहीं. दुसऱ्या गिअरांत इंजिनच तिला धरून ठेवी, ब्रेकला हात—म्हणजे पाय—लावावयाची गरज क्वचित् पडे. एकावन्नाव्या वर्षीं मला सोळा वर्षांचा झाल्यासारखें वाटलें. भाऊ प्रत्येक वळणाला 'वाः' म्हणत होता. मागच्या बैठकीवरून कांहींच आवाज येत नव्हता, याची नोंद आम्हां दोघांपैकीं कोणीहि घेतली नाहीं.

घाट संपून पोफळीच्या अलीकडे सौ. म्हणाली, 'अहो, जरा थांबा. आईंना बरें वाटत नाहीं.'

मागें वळून पाहिलें. आईचा चेहरा पांढुरका झाला होता, ओंठ कोरडे, कपाळावर घाम. झाडाखालीं गाडी उभी केली. मला वाटलें, घाट लागला. आणि घाट लागला म्हणजे मीं तो ज्या रीतीनें उतरला ती रीत लागली. आल्याची वडी पुढें केली. ती भावजयीनें बाजूस सारली आणि एरवीं माझ्यासमोर आवाज न चढविणारी ती बाई म्हणाली, 'दादा, घाट नाहीं लागला. आईंनीं काल रात्रीं आठपासून पाण्याचा थेंब घेतलेला नाहीं. साताऱ्याचा चहासुद्धां मला दिला.'

'कां?'

भावजय गप्प राहिली. उत्तर आईनेंच दिलें, आणि तेंहि कोणाचा अपराध सांगावा अशा स्वरांत नव्हे, तर स्वतःची एक लहानशी युक्ति उघडी पडावी तशा ओशाळ्या स्वरांत. 'अरे, पाणी प्यालें कीं उतरावें लागतें. या गाडींतून मला उठतां येत नाहीं. दोघींनीं धरून ओढावें लागतें, लोक पाहतात. म्हटलें, गुहागरपर्यंत काय, निभेल.'

त्या जागीं मला काय वाटलें तें लिहिण्यांत अर्थ नाहीं. साखर-मीठ घातलेलें पाणी तिला हळूहळू पाजलें. मग बाहेर काढलें; म्हणजे मीं तिच्या दोन्ही कांखांखालीं हात घालून तिला उचललें. ती फार हलकी झाली आहे. सावलींत बसून अर्ध्या तासानें तिच्या चेहऱ्यावर रंग आला, आणि पहिलें वाक्य ती बोलली तें असें : 'आतां उगाच ती गाडी विकावयास काढूं नका. अण्णांना ठाऊक असतें तर त्यांनीं नांवें ठेवलीं असतीं, पण त्यांना मोटारींतलें काय कळत होतें!'

चिपळूणला महामार्गाच्या कामाकरितां सगळें उकरून ठेवलें होतें. तेथून गुहागर पंचेचाळीस किलोमीटर. तो सर्व रस्ता मीं गोगलगाईच्या चालीनें काटला.

गुहागर हें एका लांबलचक रस्त्याचें गांव आहे. रस्त्याच्या पश्चिमेला घरें, घरांमागें नारळी-पोफळींच्या वाड्या, वाड्यांमागें सुरूचीं झाडें, आणि त्यांच्यामागें समुद्र. घरांत बसून तो दिसत नाहीं, पण रात्रीं अंथरुणावर पडलें कीं त्याच्यावांचून दुसरें कांहीं ऐकूं येत नाहीं. आम्ही ज्यांच्या घरीं उतरलों तीं वृद्ध पतिपत्नी प्रवाशांची राहण्या-जेवणाची सोय करीत. दुसऱ्या दिवशीं सकाळीं व्याडेश्वराला गेलों. मधोमध महादेव आणि भोंवतीं चार लहान देवळें, असें तें पंचायतन. आईनें देवळाच्या पायऱ्या एका हातानें माझा दंड धरून, पण आपल्या बळावर चढल्या. सभामंडपांत ती खांबाला टेकून उभी राहिली तेव्हां मला गोष्ट नीट कळली. चढणें तिला जमतें. उभें राहणें, चालणें जमतें. जमत नाहीं तें एकच : खालीं बसून उठणें. जेवणाचे पाट आम्हीं ज्या गुडघ्यांसाठीं काढून टाकले होते, त्याच गुडघ्यांना मीं साडेपांच लाख रुपये मोजून पुन्हां पाटावर बसविलें होतें.

उपाय सांपडला तो आमच्या यजमानीण काकूंच्या घरीं, आणि फुकट. दुपारीं आई त्यांच्याशीं बोलत ओटीवर बसली होती. गाडीची गोष्ट निघाली असावी. काकू म्हणाल्या, 'आमच्या ह्यांचें खुब्याचें हाड मोडलें तेव्हां आम्हीं काय केलें सांगूं?' आणि त्यांनीं आंतून काथ्याची गादी आणली. चांगली चार बोटें जाड, आणि दाबली तरी न दबणारी. कापसाची उशी माणसाला आंत घेते, काथ्या वर उचलून धरतो. म्हाताऱ्या माणसाला मऊपणा नको असतो, उंची हवी असते. तिच्यावर त्यांनीं एक गुळगुळीत प्लॅस्टिकची पिशवी पसरली. 'आधीं पाय बाहेरच ठेवून टेकायचें, मग दोन्ही गुडघे जुळवून एकदम आंत वळायचें. पिशवीवरून माणूस आपोआप फिरतें. एक पाय आंत, एक बाहेर असें कधीं करूं नये.' काकांनीं त्यांत आपली भर घातली. गाडी अशी उभी करावी कीं उतरणाराची बाजू सखल असेल. म्हणजे जमीन तितकी खालीं जाते आणि बैठक तितकी वर येते. हें साधें भूमितीचें प्रमेय मला कोंकणांतल्या एका अंगणांत, चिऱ्यांच्या गडग्यापाशीं, ऐकावें लागलें.

मग आमची तालीम सुरू झाली. आईला पुढच्या बैठकीवर बसविलें. बैठक शेवटपर्यंत मागें सरकविली आणि बाजूची दांडी ओढून होईल तेवढी उंच केली. ही दांडी तेथें आहे हें मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतें, मीं ती माझ्या बाजूला वापरीतहि होतों. वर काथ्याची गादी. पहिल्या खेपेला आई मध्येंच अडकली आणि स्वतःच हंसूं लागली. दुसऱ्या खेपेला भावानें तिला हात दिला. चवथ्या खेपेला तिनें दाराच्या चौकटीला धरून, कोणाचा हात न घेतां, उठून दाखविलें, आणि ओटीवरच्या मंडळींकडे असें पाहिलें जसें मीं कुंभार्ली उतरल्यावर भावाकडे पाहिलें होतें.

परततांना आई पुढें, भाऊ मागें दोघींच्या मध्यें गुडघे पोटाशीं घेऊन. निघण्यापूर्वीं तिनें पेलाभर पाणी मागून घेतलें आणि आम्हां सर्वांच्या देखत प्याली. पोफळी मागें टाकून घाट चढूं लागलों तेव्हां मीं तिसऱ्या गिअरवर अगदीं सांभाळून चाललों होतों. दोन-तीन वळणें गेल्यावर तिनें घड्याळाकडे बोट करून विचारलें, 'हा कांटा परवां कोठें होता?' मीं खोटें सांगूं शकलों नाहीं. ती कांहीं बोलली नाहीं. पण वरच्या बाजूला रस्ता जरा सरळ व मोकळा आला तेव्हां म्हणाली, 'येथें कांहीं हरकत नाहीं.' मीं पाय थोडा दाबला. तिनें डाव्या हातानें वरची कडी धरली आणि उजवा हात मांडीवर पालथा ठेवून समोर पाहत राहिली.

माथ्यावर गाडी उभी करून इंजिन मिनिटभर तसेंच चालूं ठेवलें. टर्बोचें चक्र तापलेलें असतें, त्याला तेल मिळत राहून निवावयास तेवढा वेळ द्यावा लागतो. कोयनानगरला आई उतरली. रस्त्याच्या कडेला सखल जागा शोधण्यांत माझीं पांच मिनिटें गेलीं, मागचीं वाहनें भोंगे वाजवीत निघून गेलीं. तिनें त्या दिवशीं धरण उभें राहून पाहिलें, टपरीवरचा चहा अख्खा घेतला, आणि पुन्हां आपल्या आपण आंत बसली.

काकूंची गादी आम्हीं पैसे देऊन मागितली होती. त्यांनीं पैसे घेतले नाहींत, पुढल्या वेळीं येतांना पुण्याची बाकरवडी आणा म्हणाल्या. ती गादी तेव्हांपासून पुढच्या डाव्या बैठकीवरच आहे. गाडी धुवावयास येणारा मुलगा दर आठवड्याला ती काढून डिकींत टाकतो, आणि मी ती परत जागेवर ठेवतों.